बेळगावात डूला घ्यावी का? माझे सोळा हजार आणि एक रात्र

‘सोळा हजार? पाठ चोळायला?’ डूला म्हणजे काय ते सांगितल्यावर आजीचा पहिला प्रश्न हा. तिच्या वेळी खानापूरकडच्या गावात सुईण यायची आणि जाताना तांदूळ, नारळ, लुगडं घेऊन जायची. मी म्हटलं, आजी, सुईण बाळंतपण करते, ही करत नाही. त्यावर तिला ते आणखीच महाग वाटलं.

आजीचं अगदी चुकलं नव्हतं. डूला आतून तपासत नाही, बीपी बघत नाही, औषध देत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत शेजारी थांबते, एवढंच तिचं काम. पण माझं पहिलं बाळंतपण, माहेर शहापुरात, नवरा पुण्यात, आणि आई रक्त दिसलं की स्वतःच मटकन बसणारी. शिवाय कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा २०१७चा आढावा वाचला होता: १५ हजारांवर बायकांची माहिती, सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी, कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी कमी. चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

सोळा हजारांत काय? आधी दोन भेटी, अडतिसाव्या आठवड्यापासून फोनवर हजर, बाळंतपणाला पूर्ण वेळ, नंतर एकदा घरी येऊन दूध पाजायला मदत. निम्मे पैसे आगाऊ. त्याच आठवड्यात तिची दुसरी एक बाई अडली असती तर बदली कोण, याचं धड उत्तर तिच्याकडे नव्हतं. हा मोठा वजा मुद्दा.

रात्री दोनला फोन केला. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापलीकडून ती स्कूटरवर पंचवीस मिनिटांत आली. घरीच दोन तास चालायला लावलं, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि कळ आली की कंबरेची दोन्ही हाडं तळव्यांनी आत दाबून धरायची. त्या दाबण्याचे सोळा हजार वेगळे द्यायला मी तयार होते. पाठ चोळणं नव्हे ते, आजी.

हॉस्पिटलात खरा उपयोग निराळाच निघाला. रात्रपाळीच्या सिस्टर कानडी बोलणाऱ्या. मलाही शाळेतलं कानडी येतं, बाजारात भावसुद्धा करते, पण गर्भाशयाचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं तेव्हा कानडी सोडा, मराठीही आठवेना. सिस्टर ‘स्वल्प ताळ्री’ म्हणायच्या आणि मला ते ओरडल्यासारखं लागायचं. डूला हुबळीकडची. कानाशी येऊन सांगायची, ‘जरा दम धर म्हणतायत, अजून जोर लावायचा नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत.’ कळा वाढवायचं सलाईन लावलं तेव्हा डॉक्टरांना काय विचारायचं तेही तिनेच सुचवलं. स्वतः मात्र डॉक्टरांशी हुज्जत घातली नाही, हे मला आवडलं.

आता तक्रार, आणि ती हॉस्पिटलची. सातव्या महिन्यात तोंडी सांगितलं होतं, आई आणि डूला दोघी चालतील. त्या रात्री दारात म्हणाले, आत एकच बाई. तुम्ही हे आधी विचारा, आणि लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर अधिकच. केंद्राने २०१६मध्ये तिथे सोबतीला परवानगी दिली, पण ती बाळंतपण अनुभवलेल्या बाईला धरून. पैसे देऊन आणलेली बाई चालेल का, हे दारातली सिस्टर ठरवते.

मी डूलाचं नाव सांगितलं.

सकाळी दहा वाजता मुलगी झाली, सिझेरियनशिवाय. डूलामुळेच, असं मी म्हणणार नाही. घरी येऊन तिने बाळ छातीशी धरायला शिकवलं, ते मात्र आईला आणि मला दोघींनाही जमत नव्हतं.

आई तेव्हा काही बोलली नाही. सहा तास बाहेरच्या बाकावर चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. बारशाला शेजारच्या काकूंना कुंदा वाढताना तिचं बोलणं कानावर पडलं, ‘मला कुठं आत घेतलं?’