फवारा उन्हाळाभर वापरला, एका एंड कॅपने पंप खाल्ला

मळ्यातल्या पोहण्याच्या पुलाचं पाणी उन्हाळ्यात गार ठेवायला फवारा केला, त्यात पंप बिघडला. परवा पंपवाल्याने तिसऱ्यांदा "दादा, वॉरंटीत नाही बसत" म्हणून हात वर केले, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर एप्रिलमध्येच चार कौतुकाचे शब्द लिहून मोकळा होणार होतो. लिहिलं नाही ते बरंच झालं, कारण तेव्हाची अर्धी मतं आता बदलली आहेत.

चोपडा तालुका, केळीचा मळा, बोअरचं पाणी. पूल २० बाय १२ फूट, पाणी ४ फूट, म्हणजे अंदाजे २७ हजार लिटर. अर्ध्या एचपीचा सिंगल फेज पंप आणि वाळूचा फिल्टर. पाइपला भोकं पाडून फवारा कसा करायचा ते बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यात जात नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजता पुलाचं पाणी ३५ अंश होतं. डेअरीत वापरतात तो तरंगता काचेचा थर्मामीटर टाकून मोजलं. पुण्याहून आलेला पुतण्या पाण्यात पाय घालून म्हणाला, "काका, गिझर बंद करा ना." भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की पेपरात फोटो येतो. आमच्याकडे फोटो कोणी काढत नाही, चटके मात्र तेच बसतात.

आधी बर्फ करून पाहिला. फॅक्टरीतून शंभर किलोची लादी आणली, पोरं तिच्यावर बसून फोटो काढत राहिली, आणि ती विरघळल्यावर थर्मामीटर अर्धा अंशसुद्धा उतरला नाही. नंतर वहीवर हिशोब मांडला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. किलोभर बर्फ विरघळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. लिटरभर पाणी वाफ होऊन उडालं तर ते जवळपास ५८० ओढून नेतं. घरात माठ आहे, खिडकीला कूलर आहे, दोन्ही याच तत्त्वावर चालतात, तरी मी बर्फाला पैसे मोजले.

मग नर्सरीत लावतात ते फॉगर आणले. दिसायला काय सुंदर! दुपारी चालू केले की सगळं धुकं वाऱ्याबरोबर केळीत. दोन दिवसांनी लक्षात आलं की इतका बारीक थेंब हवेतच संपतो. त्याने गार होते ती हवा, पूल नाही. थेंब थोडा उडाला पाहिजे आणि उरलेला गार होऊन परत पुलात पडला पाहिजे. फॉगर आता गोठ्यात लावलेत, म्हशी खूष आहेत.

शेवटी ड्रिपच्या मेनलाइनचा उरलेला ५० एमएमचा पाइप काढला. दहा फुटांचा तुकडा, ३ एमएमची ४० भोकं, दोन ओळींत, तोंड वर आणि पुलाच्या आतल्या बाजूला. पुलाच्या काठावर चार फूट उंचीवर आडवा बांधला. टी, एल्बो, कॉक आणि सोल्युशन मिळून खिशातून ३४० रुपये गेले. त्यात पाइपाचं टोक बंद करणारं टोपण, म्हणजे एंड कॅप, वीस रुपयांची. तिच्याकडे येतोच.

पहिले चार दिवस दुपारी चालवला, कारण पोरांना त्याखाली नाचायचं होतं. पाणी जेमतेम अंशभर उतरलं. वरून ऊन ओततंय आणि आपण खालून वाटीने उपसतोय, असा प्रकार. मग रात्री दहा ते सकाळी सहा चालवायला लागलो, आणि इथे खरी गंमत सुरू झाली. पहिल्याच सकाळी ३५ चं ३१. पाचव्या सकाळी २८. दिवसभरात तीनेक अंश चढायचं, रात्री पुन्हा उतरायचं. सहाला पाण्यात उतरलो तर अंगावर काटा आला. मे महिन्यात! रात्रीला चार-पाच युनिट वीज जात होती. पाणी मात्र रोज इंचभर कमी व्हायचं. या पुलात एक इंच म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर. त्यातलं निम्मं फवाऱ्याचं असेल, बाकीचं ऊन तसंही पितंच. बोअरला पाणी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

आता आवाज. आमचे आप्पा उन्हाळाभर गच्चीवर झोपतात. पहिल्या रात्री दीड वाजता उठून बसले, "पानी पडी ऱ्हायनं का रे?" गच्चीवर कुरडया वाळत होत्या. अंधारात त्यांनी सगळ्यांवर चादरी टाकल्या आणि मग आभाळाकडे पाहिलं तर चांदणं. आठवडाभर रोज हेच चाललं. नंतर सवय झाली, इतकी की फवाऱ्याशिवाय झोप लागेना.

तर, एंड कॅप.

भोकं साफ करता यावीत म्हणून मी कॅपला सोल्युशन लावलं नव्हतं. नुसती ठोकून बसवलेली. विचार हा की महिन्याला काढायची, पाइप धुवायचा, परत लावायची. चिकटवली तर दर वेळी कापायची आणि नवीन घ्यायची, म्हणजे वीस रुपये दर महिन्याला. वर्षाचे दोनशे चाळीस. मी हे वाचवणार होतो.

बोअरचं पाणी जड. ते उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, आणि ते आधी भोकांच्या तोंडाशी बसतात. मे उजाडेपर्यंत अर्धी भोकं पांढरी होऊन बुजली होती. उरलेल्यांतून पाणी जास्त उंच उडायला लागलं आणि मी मूर्ख खूष झालो की फवाऱ्याला जोर आलाय. जोर कसला, पाइपातला प्रेशर चढला होता. ५० एमएमच्या कॅपवर दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलोचा प्रेशर धरला तरी आतून दहा किलोचा रेटा येतो. ठोकून बसवलेली कॅप तो किती दिवस सोसणार!

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ती उडाली. पाइपाच्या उघड्या तोंडातून सगळी धार पुलाबाहेर, लिंबाच्या आळ्यात. पंपाचं पाणी ओढणारं तोंड, म्हणजे सक्शन, मी मुद्दाम पाण्याच्या पातळीखाली फूटभरावर ठेवलं होतं, कारण गरम पाणी वर राहतं. तासाभरात पातळी फूटभर उतरली आणि पंप हवा ओढायला लागला. तीनच्या सुमाराला आप्पांनी हाक मारली, "पानी थांबनं का रे?"

मी म्हणालो, "लाइट गेली असेल आप्पा, झोपा."

पावणेसहाला उठलो तेव्हा पंपाजवळचा पाइप मऊ होऊन वाकला होता आणि जळका वास सुटला होता. मेकॅनिकल सील, म्हणजे पंपातलं पाणी मोटारीकडे जाऊ न देणारं बूच, गेलं. आप्पा एवढंच म्हणाले की लिंबाला यंदा पाणी बरं मिळालं.

दुकानात गेलो. आधी म्हणाले, कंपनीचा माणूस येईल. तो बारा दिवसांनी आला, पंप उघडला, "ड्राय रन आहे", म्हणजे पंप पाण्याशिवाय चालला, असं म्हणाला आणि सही घेऊन गेला. बरोबर आहे, ड्राय रन होतंच, ते मी नाकारत नाही. पण दुकानदार म्हणतो, "पंप फवाऱ्याला लावला म्हणून वॉरंटी गेली." अरे भो, पंपाला काय कळतं पुढे फवारा आहे की फिल्टर? हे कार्डावर कुठे लिहिलंय ते दाखव म्हटलं तर चहा मागवला. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला चहासुद्धा नाही. दरम्यान गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याने ६५० रुपयांत सील बदलून दिलं, तेही संध्याकाळपर्यंत. पंप अजून चालतोय.

दुरुस्तीनंतर काय बदललं? टोकाला आट्यांची कॅप, टेफ्लॉन टेप गुंडाळून. पंचावन्न रुपये. हाताने फिरवून काढता येते, उडत नाही. हे आधी सुचलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता. भोकांसाठी ड्रिपला मारतो तेच ॲसिड बादलीत पातळ करून पाइप त्यात भिजवतो. क्षार फसफसून निघतो. फवाऱ्याने पाणी घुसळलं जाऊन त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचा आकडा, चढतो. किटवर ७.४ चा ८.२ दिसला, त्यामुळे क्लोरीन टाकूनही पाण्यावर हिरवट झाक यायला लागली. तेव्हा पीएच दर दोन दिवसांनी बघा.

आणि पावसाळी हवा सुटली की फवारा विसरा. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून मी रात्री बघायचो. मेमध्ये हवा ३० आणि ओलं फडकं २०. पाणी त्या ओल्या फडक्याच्या आकड्याच्या खाली कधीच जात नाही, त्याच्याकडे फक्त सरकत राहतं. मृग लागला, हवा दमट झाली, तर हवा २९ आणि फडकं २५. रात्रभर पंप चालवून एक अंश मिळाला. ज्या रात्री कूलर चिकचिक करायला लागतो त्या रात्रीपासून फवाराही बंद करावा, वीज वाया जाते.

पुढच्या वर्षी पुलावर आधी शेडनेट टाकणार, फवारा नंतर. कोणी विचारलं तर करा म्हणेन. पंपासाठी ड्राय रन कटऑफ, म्हणजे पाणी संपलं की पंप बंद करणारं यंत्र, घ्या असं सगळे सांगतात, त्याची किंमत ऐकून मी अजून विचार करतोय.

कालच लिंबाखालचं तण काढताना ती जुनी कॅप सापडली. चिखलात उपडी, तडासुद्धा गेलेला नाही. धुवून पाइपाच्या तुकड्यावर ठोकून पाहिली, चांगली घट्ट बसते. गोठ्यातल्या फॉगरच्या लाइनीला चालेल.