उंदराच्या फुफ्फुसाच्या स्लाइडचा बॉक्स घेतला, चांगला आहे पण मेन स्लाइडच नाही

एमएस्सी झूलॉजीच्या सेमिनारला मी विषय घेतलाय, उंदरावर फुफ्फुसाचा कॅन्सर कसा अभ्यासतात, म्हणून सांगलीतल्या एका सायंटिफिकवाल्याकडनं सहा स्लाइडचा बॉक्स मागवला, २,४०० रुपये गेले, आठ दिवसांत आला. एक काच तडकलेली होती, ती काही न विचारता बदलून दिली, त्याबद्दल दुकानाला पैकीच्या पैकी मार्क.

स्टेनिंग खरंच भारी आहे. केंद्रक निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी, १० एक्सवर पण स्पष्ट दिसतं. नॉर्मलची स्लाइड तर मी घरी आईला पण दाखवली. उंदराचं डावं फुफ्फुस म्हणजे एकच खंड आणि उजव्याचे चार, पाचही एकाच काचेवर बसवलेत, हवेच्या पिशव्या अगदी जाळीसारख्या. अडेनोमात, म्हणजे साध्या, न पसरणाऱ्या गाठीत, ती जाळी एका जागी गच्च भरलेली, पण कडा नीट गोल. अडेनोकार्सिनोमात, म्हणजे खऱ्या कॅन्सरच्या गाठीत, कडाच राहत नाही, पेशी लहान-मोठ्या, वाकड्यातिकड्या.

पण या दोन्हीच्या आधीची पायरी, म्हणजे हायपरप्लेशिया (पेशी नुसत्या जास्त वाढायला लागतात ती), तीच बॉक्समध्ये नाही. मला तीच पाहिजे होती. माझ्या मामांनी आयुष्यात विडी ओढली नाही, तासगावला द्राक्षाची बाग, खोकला जाईना म्हणून मिरजेला स्कॅन केला तर फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही हाडापर्यंत गेलेला. माणसात सुरुवात कधी झाली ते कळतच नाही, आणि उंदराचा उपयोग नेमका तिथंच आहे. २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या टायलर जॅक्स यांच्या लॅबनं जो उंदीर तयार केला त्यात बिघडलेला क्रास जीन (पेशींना वाढायला सांगणारा) असतो पण पुढं अडसर लावून बंद ठेवलेला, मग नाकातनं व्हायरस देतात, तो क्रे नावाच्या एन्झाइमचा जीन पेशीत घेऊन जातो, ते एन्झाइम अडसर कापतं, आणि फक्त तेवढ्याच पेशी कॅन्सरच्या वाटेला लागतात. म्हणजे सुरुवातीचा दिवस आपल्या वहीत लिहिलेला असतो! तिथनं आठवडे मोजत एकेक पायरी बघायची. सोबत पी५३ हा ट्यूमर रोखणारा जीन पण काढून टाकला की तेच ट्यूमर जास्त आक्रमक होतात, लिम्फ नोडपर्यंत पसरतात.

दुसरी अडचण लेबलची. नुसतं 'उंदीर, फुफ्फुस, ट्यूमर' एवढंच. जीन बदललेला उंदीर की युरेथेन हे रसायन टोचून ट्यूमर आणलेला, काहीच नाही. दोन्हींचा अर्थ वेगळा होतो ना, आणि सर पहिला प्रश्न हाच विचारणार. दुकानदारकाकांना विचारलं तर म्हणाले, "बाळा, वरनं जसं येतं तसं देतो, पण विचारून सांगतो." माणूस चांगला आहे, दोनदा फोन पण केला त्यांनी.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला घेत असाल तर बिनधास्त घ्या. प्रोजेक्टसाठी पाहिजे असेल तर पैसे द्यायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा, उंदीर कुठला, जीन कुठला आणि सुरुवातीपासून कितव्या आठवड्याचं सेक्शन.