आण्णांचं आतडं फुटलं तेव्हा: जळगावच्या या हॉस्पिटलचा अनुभव

आमचे आण्णा 67 वर्षांचे. रावेरकडे मळ्यात केळीची कटाई चालू होती आणि दुपारी ते बांधावरच पोट धरून बसले. जवळच्या एका दवाखान्यात गॅस म्हणून इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी एनिमा. त्यानंतर पोट पाटासारखं कडक झालं. तापी ओलांडून इथे पोचेपर्यंत दीड दिवस गेला होता.

सीटी स्कॅनमध्ये मोठं आतडं फुटलेलं दिसलं. रात्री सर्जनसाहेबांनी मला आणि काकांना आत बोलावलं, बसवलं आणि केसपेपरच्या मागे हिशोब मांडला. मानहाइम इंडेक्स म्हणतात त्याला, जर्मनीतला: पोटात असा संसर्ग पसरला की जिवाला धोका किती, ते गुणांत मोजतात; गुण जास्त तेवढा धोका जास्त. वय 50 च्या वर, 5. दुखणं 24 तासांहून जुनं, 4. दाह पोटभर पसरलेला, 6. किडनी बंद पडली असती तर आणखी 7. लघवी होत होती, म्हणून शून्य. झाले 15. "बाकीचं पोट उघडल्यावर," ते म्हणाले. "आत गढूळ पू असेल तर 6, संडास असेल तर 12."

पहाटे बाहेर येऊन त्यांनी आधी तोच कागद मागितला. संडास होती. 27.

काकांनी सरळ विचारलं, माणूस वाचेल का? साहेबांनी टाळलं नाही. 1994 साली 2003 रुग्णांचा हिशोब छापून आला होता: 21 गुणांच्या आत शंभरात साधारण 2 दगावले, 21 ते 29 मध्ये 22, त्याच्या वर 59. "हा आकडा गर्दीचा आहे, तुमच्या वडिलांचा नाही. पण तयारी ठेवा." आम्ही पुण्याहून बहिणीला बोलावून घेतलं. रक्ताची सोय केली. खोटा धीर दिला असता तर हे काहीच झालं नसतं.

त्यातले 4 गुण मला अजून सलतात. पहिल्याच संध्याकाळी निघालो असतो तर 23 झाले असते. आतडं तेव्हाही फुटलेलंच असतं, पण तेवढे 4 आमच्या हातात होते.

आण्णा सहा दिवस आयसीयूत होते. रोज संध्याकाळी लघवी किती, बीपी किती, हे डॉक्टर स्वतः सांगायचे. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही, आतड्याला आलेली लहान पिशवी फुटली होती. सतराव्या दिवशी घरी आलो. आता कळण्याची भाकरी मागतात.

एक तारा कापतोय. पोटावर संडासची पिशवी बसवली आहे, ती बदलायला आम्हाला सुट्टीच्या दिवशी घाईघाईत दहा मिनिटं शिकवलं. पहिल्याच रात्री घरी ती सुटली. दोन दिवस आधीपासून शिकवा, आणि बाईमाणसालाही समोर बसवा. आमच्याकडे ती आईच बदलते, आणि तिला तेव्हा बाहेर थांबायला सांगितलं होतं.