तीन दिवसांनी धुऊन येणारा रोल : ‘सुपर एट’ पुन्हा पाहताना

पोलादाच्या एका कारखान्यात मोठा फलक लावलेला आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले, ते त्यावर आकड्यांत लिहिलेले असते. एक कामगार शिडीवर चढतो, जुना आकडा उतरवतो आणि त्या जागी १ लावतो. कोण गेले आणि कसे गेले, हे आपल्याला कोणी सांगत नाही. पुढच्या दृश्यात बर्फाने झाकलेल्या अंगणात एक मुलगा एकटाच झोक्यावर बसलेला दिसतो. त्याच्या हातात आईचे लॉकेट असते आणि घरात भेटायला आलेल्या माणसांची कुजबुज चाललेली असते. ‘सुपर एट’ची ही सुरुवात मी आजवर चार वेळा पाहिली आणि चारही वेळा तिने मला तितकेच गप्प केले. जे. जे. अब्राम्स याने लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०११ मध्ये आला. निर्मात्यांमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग आहे. कथा १९७९ सालची, ओहायो राज्यातल्या लिलियन नावाच्या कल्पित गावातली आहे. लहान मुलांची अज्ञाताशी गाठ पडते आणि त्याबरोबर एक सरून गेलेला काळही परत उभा राहतो, अशा विज्ञानपटांमध्ये मी याला फार वरचे स्थान देते. त्याचा शेवटचा अर्धा तास दुबळा आहे हे मान्य करूनही देते.

या मे महिन्यात माहेरी, भुसावळला गेले तेव्हा त्याची ब्ल्यू-रे डिस्क बरोबर नेली होती. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, घरात पडदे ओढलेले, कूलर चालू, आणि समोर तीन प्रेक्षक : तेरा वर्षांची भाची, दहा वर्षांचा भाचा आणि माझे वडील. अण्णांनी मालगाडीचे गार्ड म्हणून भुसावळ विभागात नोकरी केली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. गाडीचा विषय निघाला की ऐंशी ओलांडलेल्या या माणसाचे कान आजही टवकारतात, आणि या चित्रपटाची कथा तर एका मालगाडीपासूनच सुरू होते.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. ज्यो लॅम्बची आई कारखान्यातल्या अपघातात गेली आहे. वडील पोलीस खात्यात आहेत. ते कर्तव्याला पक्के आहेत, पण मुलाशी बोलायचे काय आणि कसे, हे त्यांना सुचत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा ज्योचा मित्र चार्ल्स एका स्पर्धेसाठी आठ मिलिमीटर फिल्मवर प्रेतांच्या हल्ल्याचा छोटा चित्रपट काढत असतो, आणि ज्यो त्यातली रंगभूषा व छोटी मॉडेले सांभाळतो. एका मध्यरात्री ही पोरे गावाबाहेरच्या लहानशा स्टेशनावर चित्रीकरण करत असताना समोरून हवाई दलाची मालगाडी येते, एक गाडी मुद्दाम रुळांवर चढून तिला धडकते, वाघिणी घसरतात आणि त्यांतल्या एकीतून काहीतरी बाहेर पडते. मुले जीव घेऊन पळतात, पण खाली पडलेला कॅमेरा चालूच राहतो.

या चित्रपटाचा जीव राक्षसात नाही, मुलांच्या कामात आहे. चार्ल्सला कळून चुकले आहे की नुसती प्रेते चालवून भागत नाही. प्रेक्षकाला नायकाची काळजी वाटायला हवी, म्हणून त्याच्या गुप्तहेराला बायको हवी. त्या बायकोच्या भूमिकेसाठी अ‍ॅलिस येते, आणि परवाना नसताना वडिलांची गाडी चालवत या पोरांना स्टेशनावर नेते. रिकाम्या फलाटावर ती तालीम म्हणून संवाद म्हणते. शब्द चार्ल्सच्या वहीतले, पोरकट आहेत. पण बोलता बोलता तिच्या घरातले काहीतरी त्यांत उतरते आणि पोरे अवाक होतात. एल फॅनिंगने हे ज्या सहजतेने केले आहे, त्याला तोड नाही. ज्यो झालेल्या जोएल कोर्टनीचा हा पहिलाच चित्रपट होता, आणि अभिनय न येणाऱ्या मुलाचा संकोच व त्या भूमिकेचा संकोच इतके एकजीव झाले आहेत की त्यांना वेगळे काढता येत नाही. ज्योच्या खोलीत टेबलावर रंगाच्या बारीक बाटल्या, अर्धवट जुळवलेली मॉडेले आणि कुंचले आहेत. हा मुलगा आईविषयी एक शब्दही बोलत नाही; तो बोटभर इंजिनाला गंज चढलेला दिसावा म्हणून रंग लावत बसतो. मला हे पाहताना चाळीसगावचे केकी मूस आठवले. स्टेशनाजवळच्या आपल्या घरात राहून, टेबलावर किरकोळ वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. एका टेबलाएवढ्या जागेत जग उभारण्याला जी सोशिकता लागते, ती या चित्रपटाने एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातांत दाखवली आहे, आणि त्याच्या दुःखाची सर्वांत खरी भाषा तीच आहे.

आता चित्रपटाच्या नावाकडे येते. कोडॅकने १९६५ मध्ये बाजारात आणलेल्या आठ मिलिमीटर फिल्मच्या प्रकाराचे ते नाव आहे. एका डबीत ५० फूट फिल्म असते, सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद पुरते, आणि काय चित्रित झाले ते धुऊन आल्याशिवाय दिसत नाही. अपघाताच्या रात्री कॅमेऱ्याने नेमके काय टिपले हे मुलांना ठाऊक नाही. चार्ल्स रोल दुकानात टाकतो आणि दुकानातला पोरगा सांगतो की तीन दिवस लागतील. कथेतली ही मला सर्वांत हुशार गोष्ट वाटते. मुलांनी अज्ञात पाहिलेले आहे, पण काय पाहिले ते त्यांना माहीत नाही. पुरावा दुकानाच्या काउंटरमागे पडलेला आहे. आणि या तीन दिवसांत गावातली कुत्री पळून जातात, मोटारींची इंजिने नाहीशी होतात, माणसे गायब होतात, लष्कर दारोदार फिरते. भीती पिकायला जो अवधी लागतो, तो अब्राम्सने त्या काळच्या साध्या व्यवहारातूनच मिळवला आहे.

माझ्या पिढीला ही वाट पाहणे अंगवळणी पडलेले होते. छत्तीस फोटोंचा रोल दिवाळीला घातला तर संक्रांतीपर्यंत संपत नसे, आणि संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नसे. माझ्या मावशीच्या लग्नाच्या रोलला उजेड लागला आणि त्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. अजूनही कोणी अल्बम काढला की मावशी उठून आत जाते. भाचीने मात्र चित्रपट थांबवायला लावून विचारले, ‘‘आत्या, मग तीन दिवस त्यांनी केलं काय?’’ प्रश्न अगदी मोक्याचा होता, कारण चित्रपटाचे उत्तर सुंदर आहे : त्यांनी आपला चित्रपट पुढे काढला. घसरलेल्या गाडीचे अवशेष आणि सैनिकांची धावपळ फुकटात पार्श्वभूमीला मिळते आहे, म्हणून चार्ल्स ती सोडायला तयार नसतो. मागच्या काळाची आठवण काढणाऱ्या पुष्कळ कलाकृती जुनी गाणी, सायकली आणि खेळणी मांडून थांबतात, आणि आपण ओळखीच्या वस्तू मोजत बसतो. इथे जुन्या वस्तूने कथेला कामाला लावले आहे. रोल धुवायला तीन दिवस लागले नसते, तर ही कथा घडलीच नसती.

१९७९ मध्ये मी दहा वर्षांची होते, आणि कदाचित म्हणूनच या वर्षाची निवड मला इतकी लागते. चित्रपटात दूरचित्रवाणीवर थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतील अपघाताची बातमी चालू असते. तो अपघात त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. भुसावळला तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, पण भीती रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून येतच होती. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार, कुठे ते सांगता येत नाही, असे मोठी माणसे बोलत असत. उकाड्यामुळे रेल्वे क्वार्टरच्या अंगणात टाकलेल्या खाटा त्या आठवड्यात सगळ्यांनी आत ओढल्या. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि खाटा पुन्हा बाहेर आल्या. दुसरे अज्ञात यार्डात असे. आमच्याकडे आयुध निर्माणी भुसावळलाही आणि वरणगावलाही, त्यामुळे ताडपत्रीने झाकलेल्या, बंदूकधारी पहारा असलेल्या वाघिणी आम्ही पोरे लांबून पाहत असू आणि आत काय आहे यावर पैजा लावत असू. ‘‘आत काय असतं?’’ असे अण्णांना विचारले की ते ‘‘माल’’ एवढेच म्हणत. लिलियनची मुले त्या सीलबंद डब्यांकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे दिसते, त्यासाठी मला कोणत्याही भाषांतराची गरज लागली नाही.

त्या घसरणीच्या दृश्याविषयी अण्णांचे मत मात्र मी इथे नोंदवणे भाग आहे, कारण ते जाणकाराचे मत आहे. एका पिकअप गाडीने एवढी लांब, एवढी जड मालगाडी अशी उधळली जात नाही. वाघीण घसरते, कलंडते, मागची पुढचीवर चढते, पण पतंगासारखी हवेत उडत नाही, असे त्यांनी जागच्या जागी सांगितले. मला स्वतःला त्या दृश्याचा आवाज आणि गोंधळ परिणामकारक वाटतो, पण तो गरजेपेक्षा लांबला आहे हे खरे. मुलांच्या नजरेतून अपघात तेवढाच मोठा दिसला असेल असे समर्थन करता येईल. तरी ज्या चित्रपटाने रंगाच्या बाटलीपर्यंत अचूकपणा सांभाळला, त्याने इथे तो सोडावा याची मला हळहळ वाटते.

खरी पडझड उत्तरार्धात होते. जोवर तो जीव दिसत नाही, तोवर तो सर्वत्र आहे. दिसू लागल्यावर तो संगणकाने घडवलेला एक मोठा प्राणी उरतो. शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक डॉ. वुडवर्ड यांनी जपून ठेवलेल्या चित्रफितींतून आणि ध्वनिमुद्रणांतून सगळा पूर्वेतिहास एका दमात सांगितला जातो, आणि इतका वेळ मुलांनी एकेक करून जुळवलेले कोडे मोठ्यांनी सोडवून हातात ठेवल्यासारखे होते. कर्नल नेलेक हा लष्करी अधिकारी क्रूर आहे, याखेरीज त्याच्याविषयी काही कळत नाही. ज्यो आणि अ‍ॅलिस यांच्या वडिलांमधले वैर तर फार घाईने मिटते. अ‍ॅलिसचे वडील त्या दिवशी दारू पिऊन कामावर गेले नाहीत, त्यांच्या पाळीवर ज्योची आई गेली आणि परत आली नाही. एवढे ओझे गाडीत बसल्या बसल्या दोन वाक्यांत उतरत नसते. उलट त्याच ओझ्याविषयी अ‍ॅलिस ज्योशी बोलते तो प्रसंग पाहावा. भिंतीवर प्रोजेक्टरने ज्योच्या आईची, तान्ह्या ज्योसोबतची जुनी फिल्म चालू आहे, खोलीत अंधार आहे, आणि अ‍ॅलिस रडत रडत आपल्या वडिलांविषयी सांगते. परग्रहवासीयाच्या कोणत्याही दर्शनापेक्षा ती दोन मिनिटे मोठी आहेत. माझी भाची या प्रसंगाच्या वेळी भावाच्या अंगावरून हात काढायला तयार नव्हती.

‘ई. टी.’शी तुलना होतेच, आणि ती योग्यच आहे. स्पीलबर्गने १९८२ मध्ये त्या चित्रपटात कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवला आणि आई सोडून बहुतेक मोठ्यांचे चेहरे बराच काळ दाखवलेच नाहीत. तिथे अज्ञात लवकरच मित्र होते. इथे ते कैदेत छळले गेलेले आणि संतापलेले आहे, म्हणून ज्योला त्याच्यासमोर उभे राहून बोलायला अधिक धैर्य लागते. अब्राम्सवर अनुकरणाचा आरोप अनेकांनी केला. तो शाळकरी वयाचा असताना त्याने आणि त्याचा मित्र मॅट रीव्हज याने स्पीलबर्गच्या बालपणीच्या आठ मिलिमीटर फिल्मा दुरुस्त करण्याचे काम केले होते. ज्याने त्या फिल्मा स्वतःच्या बोटांनी हाताळल्या, त्याच्या कामात तो वास उतरणारच, असे माझे मत आहे.

डिस्क घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चित्रपट ११२ मिनिटांचा आहे. चित्र आणि आवाज उत्तम आहेत, मायकल जियाकिनोचे संगीत घरच्या साध्या स्पीकरवरही चांगले उलगडते, आणि चित्रपट घडवण्याविषयीचे जोडभाग मोठ्या मुलांनी जरूर पाहावेत. मराठीची सोय नाही. मुले इंग्रजीत जेमतेम असतील तर मधूनमधून थांबवून सांगावे लागते, आणि आम्ही तसेच केले. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना हा दाखवू नये. माणसे ओढून नेली जातात ते प्रसंग भीतिदायक आहेत आणि मुलांच्या तोंडी शिव्याही आहेत. भाचा दोनदा अण्णांच्या मांडीशी सरकला, पण उठून गेला नाही.

शेवटची नामावली सुरू झाली की बंद करू नका. तिच्या बाजूला चार्ल्सचा पूर्ण झालेला चित्रपट दाखवला जातो : खोकणारी प्रेते, अडखळणारे संवाद, बायकोच्या भूमिकेतली अ‍ॅलिस, आणि ज्योने रंगवलेली, फटाक्यांनी उडवलेली ती छोटी आगगाडी. अण्णा एव्हाना उठून चष्मा पुसत होते. ते परत बसले, ते दृश्य मागे घेऊन पुन्हा लावायला त्यांनी सांगितले आणि वाकून पाहिले. मग मुलांकडे वळून म्हणाले, ‘‘ही बरोबर घसरली.’’