पेंधरचे सोळा महिने: मेट्रोला ३० रुपये, उरलेल्या पावणेदोन किलोमीटरला ६०

नवी मुंबईतल्या तळोजात राहायला येऊन मला सोळा महिने झाले. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, नोड म्हणजे तिने वसवलेले एकेक उपनगर आणि सेक्टर म्हणजे त्याचा एक विभाग, हे सारे वाचकांना ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. घर घेण्याआधी आपण सगळेच तेवढे वाचतो. लिहायला निमित्त झाली ती माझी स्कूटर. २०२५ च्या जूनअखेरीस तिच्या इंजिनात पाणी शिरले आणि सर्व्हिस सेंटरने ‘पार्ट वरून यायचा आहे’ या एका वाक्यावर ती ४१ दिवस ठेवून घेतली. तोवर हे शहर मला सुटसुटीत वाटत होते. ते मी फक्त स्कूटरवरून पाहिले होते, हे नंतर लक्षात आले.

मेट्रोबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बेलापूर ते तळोजातले पेंधर हा ११ किलोमीटरचा, ११ स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. मी आलो तेव्हा पूर्ण अंतराचे तिकीट ४० रुपये होते, ते ७ सप्टेंबर २०२४ पासून ३० झाले; दिवसाला वाचणारे ते वीस रुपये मी काही महिने खरोखरच एका डब्यात टाकत होतो. मेट्रोच्या डब्यात बसायला जागा मिळते, आणि पावसाळ्यात खिडकीतून खारघरच्या डोंगरावरचे पांढरे ओहोळ दिसतात. वीस वर्षे डोंबिवलीहून लोकलने प्रवास केलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

हवे ते एवढेच, की पेंधरला उतरल्यावर घरी पोहोचता यावे. स्थानक ते आमची इमारत हे अंतर पावणेदोन किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे, म्हणजे मीटरने फार तर तीस रुपये व्हायला हवेत. माझ्याकडे मागितले गेले साठ, आणि मीटर टाका म्हटल्यावर रिक्षावाल्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याच्याकडे विमानाचे तिकीट मागितले. जाऊन-येऊन मेट्रोच्या २२ किलोमीटरला ६० रुपये आणि रिक्षाच्या साडेतीन किलोमीटरला १२०: हा हिशेब मी पत्नीला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी तिने मला तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायला सांगितले. मी चिकटवला.

एका संध्याकाळी मात्र रिक्षावाल्याने शांतपणे विचारले, ‘काका, येताना गाडी रिकामी आणतो, ते भाडं कोण देणार?’ मी चिडून उतरलो. पण रात्री गॅलरीत उभे राहून समोरच्या टॉवरमधल्या लागलेल्या खिडक्या मोजल्या, तर त्या बारा निघाल्या. माणसेच राहायला आलेली नव्हती, तर परतीचे भाडे त्याला मिळणार कुठून? वाढत्या शहरात रस्ता आधी येतो, इमारत नंतर येते आणि शेजारी सर्वांत शेवटी येतो; मधल्या काळाचे पैसे आधी आलेल्याने मोजायचे असतात. तेव्हापासून रिक्षावाल्यावरचा माझा राग निम्मा झाला. हिशेबाचा कागद अजून फ्रिजवर आहे.

गणपतीनंतर त्या टॉवरमध्ये बिऱ्हाडे आली आणि स्थानकाबाहेर वीस रुपये सीटप्रमाणे शेअर रिक्षा सुरू झाली. तेव्हा मी या लेखाचा पहिला मसुदा फाडला, कारण त्यात शहराला पाचपैकी दोन गुण दिले होते. ते आता तीन करतो. चार करवत नाहीत, कारण रात्री साडेनऊनंतर तिसरी सीट भरतच नाही, आणि दोन सीटचे पैसे देऊन निघायचे की थांबायचे हे पोटातल्या भुकेवर ठरते.

पाणी, शाळा, भाजी यांचे ठीक चालले आहे. नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्यापासून आमच्या सोसायटीत घरांच्या भावाशिवाय दुसरा विषय निघत नाही. मला घर विकायचे नसल्याने त्याचा उपयोग शून्य.

स्कूटर परत आली आहे, पण दुरुस्तीचे बिल पाहिल्यापासून मी बहुतेक वेळा चालतच जातो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि वाहतुकीच्या मार्गांवर एकेक नोड वसवायचे ठरले, तेव्हा त्या मार्गापासून घरापर्यंतचा माणूस पायी जाईल हेही कुणी ना कुणी धरले असणारच. फूटपाथ ऐसपैस आहे, हे मान्य करतो. पण प्रत्येक इमारतीच्या गेटशी तो तुटतो, पुढे नडगीइतक्या उंचीवर पुन्हा सुरू होतो, आणि गुडघेदुखी असलेल्या शेजारच्या काकू त्यामुळे सरळ रस्त्याच्या कडेने, वाहनांच्या बाजूने चालतात. घरापासून स्थानकापर्यंत असे चढ-उतार मी मोजले. ते ३१ भरले. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या उघड्या गटारावर एकदाचे झाकण बसले. ते फूटपाथच्या वर वीतभर आले आहे, त्यामुळे आता ३२.