आठ महिने वापरल्यावर: ड्रोन आता तळहातावरच उतरवतो

कॅमेरा आणि रेंजबद्दल बोलत नाही, दोन्ही उत्तम आहेत. मला बोलायचंय ते उतरवण्याबद्दल. २४९ ग्रॅमच्या या ड्रोनचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, जमिनीपासून जेमतेम बोटभर वर राहतो. दुसऱ्याच महिन्यात गवतावर उतरवला, गवताचं पातं गिंबलमध्ये अडकलं आणि मोटर ओव्हरलोडचा इशारा आला. सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे ठेवून घेतला आणि 'वापरातली चूक' म्हणून वॉरंटी नाकारली. पदरचे पैसे गेले. गवतावर उतरवू नका हे खोक्यावर ठळक छापायला काय हरकत होती?

तेव्हापासून हातावर उतरवायला लागलो आणि सुरुवातीला आणखी वैतागलो. हात ड्रोनच्या खाली नेला की तो वर सरकायचा. मी हात उंचावून पकडायला जायचो, तो पुन्हा वर. एकदा पंख्याने तर्जनी कापली. सेन्सरच खराब आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. ते मागे घेतो. पोटाखालचे सेन्सर तळहाताला जमीन समजतात आणि तिच्यापासून अंतर राखतात. त्यांचं कामच ते. चूक पाठलाग करण्यात होती.

आता असं करतो: ड्रोनची शेपूट माझ्याकडे, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. छातीच्या उंचीवर, हातभर लांब स्थिर करायचा. तळहात सपाट, बोटं जुळवलेली आणि पंख्यांच्या पातळीच्या बरीच खाली. मग हात अजिबात हलवायचा नाही, थ्रॉटल (रिमोटवरची ड्रोन वर-खाली नेणारी स्टिक) पूर्ण खाली दाबून धरायचा. तो क्षणभर थबकतो, मग सावकाश हातावर बसतो. बसला तरी स्टिक सोडायची नाही! मोटर पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवायची. मी घाईने सोडली तेव्हा तो हातावरूनच पुन्हा उचलला गेला होता.

वारा झोंबत असेल तर मात्र हा नाद सोडा. इतका हलका ड्रोन झुळकीसरशी चेहऱ्याकडे येतो; चष्मा असूनही मी तेव्हा लँडिंग पॅडच अंथरतो. अंधारातही तेच, खालचे कॅमेरे आंधळे होतात. आणि बॅटरी तळाला जाईपर्यंत थांबू नका. सक्तीचं लँडिंग सुरू झालं की निवांतपणे जागा धरायला वेळच उरत नाही. मी ३० टक्क्यांवर परत बोलावतो.

गिंबल दुरुस्तीनंतर सहा महिने स्वच्छ चाललाय.