तालुक्याच्या वाचनालयातली लेखक-बैठक: काय मिळतं, काय कमी पडतं

लिहिणाऱ्याचं घोडं अडतं ते सहसा तिसऱ्या-चौथ्या पानावर. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो आणि घरात 'पुढं काय झालं?' असं विचारणारं कोणी नसतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याला लेखक-बैठक भरते, ती नेमकी या टप्प्यावर कामी येते. लेखन शिकायला म्हणून गेलात तर निराश व्हाल, कारण तिथे शिकवणारं कोणी नाही. लिहितं राहायचं असेल तर मात्र जरूर जा.

बैठक महिन्यातल्या पहिल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी १२ ते ३. दिवसाची ही निवड फार विचाराने केलेली आहे. बाजारासाठी माणूस तालुक्याला येतोच. अनेक गावांत त्या दिवशी मजुरीला सुटी असते, वेगळं भाडं पडत नाही आणि परतीची एसटी सापडते. रविवार ठेवला की शिक्षक आणि नोकरदार तेवढे येतात, वावरात राबणारे गळतात. वर्गणी महिन्याला ३० रुपये, त्यातच झेरॉक्स आणि चहा. जागेचं भाडं नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं गावोगावी आहेत. दुसरीकडे असं काही सुरू करायचं असेल तर आधी तिथेच विचारावं.

एका बैठकीत तिघांचीच पानं घेतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १२०० शब्द. आठ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. ज्यांना मोबाईलवर वाचवत नाही त्यांच्यासाठी झेरॉक्स वाचनालयात ठेवलेली असते. सगळ्यांनी वाचूनच यायचं. बैठकीत लेखक एक पान मोठ्याने वाचतो आणि नंतर १५ मिनिटं गप्प बसतो. हा नियम नव्या माणसाला जाचतो, पण तो हवाच. लेखक समजावून सांगायला लागला की वाचणारे भिडेखातर 'हो, आता कळलं' म्हणतात आणि कच्चा परिच्छेद तसाच राहतो.

प्रतींवरची खूणही साधीच आहे. वाचताना जिथे मन उडालं तिथे समासात पेन्सिलीने एक उभी रेघ ओढायची, कारण लिहायचं नाही. मग सगळ्या प्रती टेबलावर शेजारी शेजारी मांडतात. एकाच प्रतीवर रेघ असेल तर ती त्या वाचकाची आवडनिवड म्हणून सोडून देता येते. तीन प्रतींत रेघ एकाच परिच्छेदावर आली तर तिथे मजकूर नक्की सैल आहे. बहुतेकदा तो पात्राचं शिक्षण, शेती आणि सोयरिकी एका दमात सांगणारा परिच्छेद असतो. काय काढायचं हे मात्र लेखकच ठरवतो.

या बैठकीचा खरा आधार म्हणजे तिथली नोंदवही. उठण्यापूर्वी प्रत्येकजण एक ओळ लिहितो: 'पुढच्या वेळी कथेचा मधला भाग, ६०० शब्द.' पुढच्या बैठकीची सुरुवात त्या ओळी वाचून होते. दंड नाही, टोमणे नाहीत. काही लिहून झालं नसेल तरी यायचं आणि दुसऱ्यांच्या पानांवर बोलायचं, एवढीच अट. लेखनाचे गट मोडतात ते बहुधा इथेच. एकदा काम झालं नाही की माणूस लाजेने येत नाही, दुसऱ्यांदा टाळतो आणि मग सुटतोच. रिकाम्या हाताने येण्याची मोकळीक ठेवली की ही गळती थांबते.

बैठकीशिवाय दोघादोघांच्या जोड्या आहेत. जोडीदाराने आठवड्यातून एकदा फोन करून 'किती झालं?' विचारायचं, 'कसं झालं?' विचारायचं नाही. पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं. दुसऱ्याने अर्धवट पानाची परीक्षा सुरू होते आणि लिहिणाऱ्याचा हात आखडतो.

शेतीचा हंगामही धरलेला आहे. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापूस वेचणी. या दिवसांत ६०० शब्दांचा वायदा कोणी पाळू शकत नाही. तेव्हा दिवसाला पाच ओळींची टिपणवही एवढंच मागतात. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यात पाठवावं लागतं, म्हणजे ऐन निंदण-डवरणीत. म्हणून पहिला खर्डा एप्रिल-मेमध्येच उरकण्याचा आग्रह आहे आणि तो अगदी बरोबर आहे.

आता उणिवा. कविता जास्त येतात, आणि कविता आली की चर्चेचं कविसंमेलन होतं: 'वा, वा, पुन्हा एकदा!' टाळ्यांनी उभारी येते, पण दुसरा खर्डा कसा करायचा ते त्यातून कळत नाही. कवितेलाही पेन्सिलीची रेघ लागू करायला हवी. दुसरी अडचण वऱ्हाडीची. काही सदस्य आशयाआधी ऱ्हस्व-दीर्घ धरतात आणि 'काय करून रायला बे?' हे पात्राचं बोलणं सरळ प्रमाण मराठीत दुरुस्त करतात. त्याने पात्र मरतं. संवाद वऱ्हाडीत ठेवायचे की निवेदनही, हे आधी लेखकाला विचारावं. त्याने एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच धरलं आहे का, एवढंच तपासावं. मोबाईलवर बोलून टाइप करणाऱ्यांनीही सावध राहावं. फोन 'रायला'चं 'राहिला' करून टाकतो, त्यामुळे संवाद हातानेच टाइप केलेले बरे.

बायकांची हजेरी कमी आहे, आणि ही सगळ्यात मोठी उणीव. बाजार उरकून, घरी परतून चूल पेटवायची असते. तीन तास बसणं त्यांना परवडत नाही. त्यांची पानं पहिल्या तासात घ्यावीत आणि अभिप्राय ध्वनिमुद्रित करून पाठवावा, हे लगेच करता येईल. मे महिन्यात टिनाच्या छताखाली दुपारी बसवत नाही. पारा ४५ च्या आसपास असताना वेळ सकाळी ८ ची हवी. व्हॉट्सअ‍ॅप गटात सुप्रभात आणि निनावी कवितांच्या गर्दीत पीडीएफ हरवतात. फक्त अ‍ॅडमिनने पाठवायची सेटिंग केली की प्रश्न मिटतो.

पुस्तकाचा विचार असणाऱ्यांना फलकावरची माहिती उपयोगी पडेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या शाखांची माहितीही इथे मिळते. संपादकाची जाणती नजर या बैठकीत नाही, ती संघाच्या शाखांत शोधावी.

पहिल्यांदा जाताना स्वतःची पानं नेऊ नका. आठ दिवस आधी वाचनालयातून त्या महिन्याच्या प्रती घ्या, पेन्सिलीने रेघा ओढा आणि त्याच घेऊन जा. नोंदवहीत ओळ मात्र पहिल्याच दिवशी लिहा, वायदा २०० शब्दांचा असला तरी चालेल.